पावकी, निमकी आणि आमची नात

मराठी माणसाचा संसार पूर्णांकांवर चालतो असें जर कोणी म्हणेल, तर तो गृहस्थ मराठी घरांत चार दिवस राहिलेला नाहीं, एवढेंच आम्ही म्हणूं. मुहूर्त मोजावे तर ते साडेतीन. देवीचीं पीठें मोजावीं तर तींही साडेतीन. पेशवाईंतले शहाणे मोजावे तर तेही साडेतीन, आणि त्यांतले अर्धे कोण तर खुद्द नाना फडणीस, कारण त्यांच्या हातीं लेखणी असली तरी तलवार नव्हती. दक्षिणा सव्वा रुपया. शनि येतो तो साडेसाती घेऊन. अधिक बोलणारा तो दीडशहाणा आणि कमी समजणारा तो अर्धवट. ज्या भाषेंत अपूर्णांक असे जिभेवर खेळतात, त्या भाषेच्या लेंकरांस शाळेंतले अपूर्णांक कठीण कां जावेत, हा प्रश्न आम्हांस गेल्या उन्हाळ्यापर्यंत कधीं पडला नव्हता. तो पडला, आणि त्याचें उत्तर शोधतांना आमच्याच पदरीं जो दोष आढळला, तो वाचकांपुढें प्रांजळपणें मांडावा म्हणून हा लेख.

आमची नात पांचवीची परीक्षा देऊन मे महिन्याच्या सुटींत आमच्याकडे आली, ती एक हिशेबाची वही घेऊनच. "बाबा, एवढे अपूर्णांक तिच्याकडून पक्के करून घ्या," असें तिच्या आईनें आम्हांस बजावून सांगितलें होतें. आम्हीं ती कामगिरी मोठ्या आनंदानें, आणि खरें सांगावयाचें तर कांहींशा घमेंडीनें, पत्करली. आमच्या बालपणीं दिवेलागणीस परवचा म्हणतांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी अशा पायऱ्या चढत औटकीपर्यंत, म्हणजे साडेतिनाच्या पाढ्यापर्यंत, जावें लागे. त्यावांचून सुटका नव्हती. कारण रुपयाचे आणे १६, पैसे ६४ आणि पै १९२. शेराचे पावशेर चार आणि छटाक सोळा. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आलीं, पाठोपाठ किलो आणि लिटर आले, शेर गेला, आणि त्याच्या मागोमाग हे पाढेही शाळांतून निघून गेले. आम्ही त्या जुन्या पाठांतराच्या शेवटच्या पिढीचे. औटकी आजही झोपेंत म्हणूं. तेव्हां ज्यास औटकी येते, त्यास दहा वर्षांच्या मुलीला अपूर्णांक शिकविणें तें कितीसें अवघड, असा आमचा हिशेब होता.

तो हिशेब पहिल्याच दिवशीं चुकला. वहींत प्रश्न होता : १/३ आणि १/५ यांपैकीं मोठा कोणता? तिनें क्षणाचाही विचार न करतां १/५ भोंवतीं वर्तुळ काढलें. "पांच मोठे ना, आजोबा?" आम्हीं समजावून सांगितलें, पुन्हां सांगितलें, तिसऱ्यांदा आमचा आवाज चढला. शेवटीं आम्हीं तिला तिरका गुणाकार शिकविला : याच्या अंशास त्याच्या छेदानें गुणावें, त्याच्या अंशास याच्या छेदानें गुणावें, ज्याचा गुणाकार मोठा तो अपूर्णांक मोठा. ही युक्ति तिला लगेच साधली. दोन दिवसांत तिनें चाळीस उदाहरणें केलीं, त्यांतलीं अडतीस बरोबर आलीं, आणि आम्हीं तिच्या आईला फोन करून विजयाची वार्ताही कळविली.

तिसऱ्या दिवशीं बेरजा आल्या. १/२ + १/३ याचें उत्तर तिनें २/५ असें लिहिलें. वरच्यांची बेरीज वर, खालच्यांची खालीं. आम्हीं तें खोडलें. पुढच्या उदाहरणांत तीच चूक, तेंही खोडलें. मग सहज म्हणून आम्हीं विचारलें, "बरें, १/४ मोठा कीं १/८?" ती वहीवर तिरक्या रेघा ओढूं लागली. आम्हीं तिच्या हातांतली पेन्सिल काढून घेतली. "रेघा नकोत. तोंडानें सांग." ती घाबरून म्हणाली, "१/८." त्या क्षणीं आमच्या तोंडून जें वाक्य निघून गेलें, तें लिहितांना आजही हात अडखळतो. आम्ही म्हणालों, "तुझें डोकें गणिताचें नाहींच."

ती रडली नाहीं. तिनें वही मिटली आणि ती कपाटांत नीट ठेवून दिली.

रात्रीं दिवा मालवतांना आमच्या सहधर्मचारिणीनें विचारलें, "लेकीला फोनवर काय सांगत होती ती, ऐकलंत का? 'माझं डोकं गणिताचं नाही, आजोबांनी सांगितलंय. मी दुसरं काहीतरी शिकेन,' असं म्हणत होती." एवढें सांगून ती कुशीवर वळली. आम्हांस मात्र झोंप आली नाहीं.

झोंप न येण्यास आणखी एक कारण होतें. आमच्या थोरल्या बहिणीस एका मास्तरांनीं भर वर्गांत हेंच वाक्य, जवळजवळ ह्याच शब्दांत, ऐकविलें होतें. ती तेव्हां बारा वर्षांची होती. त्या दिवसापासून गणिताच्या तासास ताईच्या पोटांत दुखूं लागे, आणि वर्ष दोन वर्षांत तिनें शाळाच सोडली. पुढें सासरीं वीस माणसांच्या घरांत धान्याचा, दुधाचा आणि वाण्याचा हिशेब तिनें पन्नास वर्षें चोख ठेविला. सुपांतले शेंगदाणे पाहून ते किती पाव भरतील हें ती न तोलतां सांगे. तरीही कोणीं कौतुक केलें कीं म्हणे, "छे, मला कुठलं गणित येतंय!" मास्तरांचें वाक्य तिनें जन्मभर खरें मानलें. आणि आतां तेंच वाक्य आम्हीं आपल्या तोंडानें नातीस दिलें होतें.

अंथरुणांत पडल्या पडल्या आम्ही तिच्या चुकांकडे पुन्हां पाहूं लागलों. पांच हे तिहींपेक्षां मोठे, हें तिला कोणीं शिकविलें? आम्हीं सर्वांनींच. पांच चिंचोके तीन चिंचोक्यांहून अधिक, पांच मजल्यांची इमारत तीन मजल्यांहून उंच. जन्मापासून हा नियम एकदांही खोटा पडला नव्हता. तोच नियम एका आडव्या रेघेखालीं जातांच उलटा व्हावा, आणि मुलीनें तें निमूटपणें मान्य करावें, अशी आमची अपेक्षा! तिची चूक ही जुन्या, खऱ्या नियमावरच्या निष्ठेची चूक होती. ती खोडण्यापूर्वीं समजून घेणें हें आमचें काम होतें, आणि तेंच आम्हीं केलें नव्हतें.

ही अडचण एकट्या आमच्या घरची नव्हे. अमेरिकेंत १९७८ सालीं झालेल्या एका देशव्यापी शैक्षणिक चांचणींत तेरा वर्षांच्या मुलांस १२/१३ आणि ७/८ यांची बेरीज अंदाजानें विचारली होती. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एकाएवढे. तेव्हां बेरीज दोनाच्या आसपास. पर्याय दिले होते १, २, १९ आणि २१. दोन हें उत्तर देणारीं मुलें शेंकडा २४ निघालीं. निम्म्याहून अधिक मुलांनीं १९ किंवा २१ पसंत केले, म्हणजे नुसते वरचे आंकडे मिळविले, नाहीं तर नुसते खालचे. ह्या मुलांस बेरजेची रीत शिकविलीच नसेल असें म्हणवत नाहीं. पण ७/८ हा आंकडा किती मोठा, याचें चित्र त्यांच्या डोळ्यांपुढें नव्हतें. आमच्या नातीचेंही तेंच झालें होतें. तिरका गुणाकार निकाल सांगतो, कारण सांगत नाहीं. आणि तो गुणाकार कां चालतो हें आम्हांसच कोणीं विचारलें असतें, तर आम्हांसही सांगतां आलें नसतें. औटकी पाठ असणें आणि अपूर्णांक कळणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें आम्हांस पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर उमगलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही स्वयंपाकघरास शरण गेलों. सहधर्मचारिणीनें सारख्या आकाराचीं दोन थालीपिठें लावलीं, एकाचे तीन तुकडे केले, दुसऱ्याचे पांच, आणि नातीस विचारलें, "यांतला कोणता तुकडा घेतेस?" तिनें तिहींतला एक उचलला, आणि खातां खातां थांबली. "आजी, वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो, नाही का?" जें आम्हांस तीन वेळां ओरडून सांगतां आलें नाहीं, तें तिनें लोणी लावलेल्या एका तुकड्यावरून स्वतःच काढलें. पण आजी एवढ्यावर थांबली नाहीं. तिनें तळहाताएवढें एक चिमुकलें थालीपीठ लावलें, त्याचें अर्ध मोठ्या थालीपिठाच्या तिसऱ्या हिश्शाशेजारीं ठेविलें आणि विचारलें, "आतां अर्धा मोठा, की तिसरा हिस्सा?" नात बुचकळ्यांत पडली. "अर्धा मोठा असतो... पण हा अर्धा तर लहान आहे!" तव्यावरचें थालीपीठ उलटीत आजी म्हणाली, "अर्धा म्हटलं की कशाचा अर्धा, हें आधी विचारावं." ह्या वाक्याचें मोल आम्हांस पुढें चार दिवसांनीं कळावयाचें होतें.

मग आम्हीं जुन्या दिनदर्शिकेच्या पानांच्या २४ सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्या कापल्या. एक अखंड ठेविली. बाकीच्यांवर रेघा मारून त्यांचे दोन, तीन, चार, सहा, आठ असे सारखे भाग पाडले. चोवीस हा आंकडा मुद्दाम घेतला, कारण त्याचे हे सर्व भाग पुरे पडतात : अर्धा १२, तिसरा हिस्सा ८, पाव ६, सहावा हिस्सा ४, आठवा ३. पट्ट्या एकीखालीं एक भिंतीवर चिकटविल्या. वही कपाटांतच राहूं दिली. येतां जातां एखादी जोडी विचारावयाची, आणि उत्तरापेक्षां कारण महत्त्वाचें मानावयाचें, एवढाच नियम ठेविला. ३/७ आणि ३/१० विचारले तर ती म्हणे, तुकडे दोन्हीकडे तीनच, पण सातव्या भागाचे तुकडे मोठे. ४/९ आणि ६/११ विचारले तेव्हां ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, नवाचें अर्धें साडेचार, त्याहून चार कमी. अकराचें अर्धें साडेपांच, त्याहून सहा जास्त. म्हणजे एक अर्ध्याच्या अलीकडे, एक पलीकडे. हीं उदाहरणें आमच्या भिंतीवर नव्हतीं. भिंत आतां तिच्या मनांत गेली होती.

एके संध्याकाळीं आम्हीं ३/४ आणि ५/६ विचारले. येथें अंश निराळे, छेद निराळे, आणि दोन्ही अर्ध्याच्या पलीकडचे. ही जोडी तिला अडवील असा आमचा कयास होता. तिनें बोटें हवेंत नाचविलीं आणि सांगितलें, "याला पुरं व्हायला पाव कमी पडतो. त्याला सहावा भाग कमी पडतो. सहावा भाग लहान. ज्याला थोडं कमी पडतं तो मोठा. ५/६."

आम्ही स्तब्ध झालों. उरलेल्या तुकड्यावरून मोजण्याची ही रीत आम्हीं तिला शिकविली नव्हती. आणि मग ध्यानांत आलें कीं ती आपल्या भाषेंतच होती. पाऊण हा शब्द संस्कृतांतल्या पादोन ह्या शब्दावरून आला. पाद म्हणजे चौथा हिस्सा, ऊन म्हणजे कमी. तीन तुकडे आहेत असें पाऊण हा शब्द सांगतच नाहीं. एक पाव कमी आहे एवढेंच सांगतो. सव्वा म्हणजे सपाद, पावासहित. अडीच हा अर्धतृतीय, म्हणजे ज्यांतला तिसरा अर्धाच आहे असा. आमच्या पूर्वजांनीं अपूर्णांक नुसते मोजले नव्हते. पुऱ्यापासून ते किती दूर आहेत हें पाहून त्यांचीं नांवें ठेविलीं होतीं. आम्ही सत्तर वर्षें पाऊणकी म्हणत आलों, आणि पाऊण ह्या शब्दाच्या पोटांत काय आहे तें एका दहा वर्षांच्या मुलीनें आम्हांस दाखविलें. हें आम्हीं तिला सांगितलें तेव्हां तिनें भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलें. "म्हणून पांच पंचेचाळीसला तुम्ही पावणेसहा म्हणतां! सहाला पाव कमी!" आंकडे दाखविणाऱ्या घड्याळांवर वाढलेल्या त्या मुलीला पावणेसहांत सहा कोठून आले हें कोडें कित्येक दिवस पडलेलें होतें, तें तिनें कोणास विचारलें नव्हतें, इतकेंच.

राहिली ती बेरीज. १/२ आणि १/३ मिळून २/५ कां नाहीं? आम्हीं ह्या वेळीं खोडलें नाहीं, पट्ट्यांकडे बोट दाखवून विचारलें, "२/५ हे अर्ध्याहून जास्त कीं कमी?" पांचाचें अर्धें अडीच, दोन त्याहून कमी. ती चमकली. "अर्ध्यांत कांहीतरी मिळवलं, आणि अर्ध्याहून कमी झालं? असं कसं होईल?" आम्हांस वाटलें, झालें, काम फत्ते झालें. पण ती तशी सोडणारी नव्हती. दुसऱ्या दिवशीं कॅरमचा पट उचलून ती आमच्यापुढें येऊन बसली. "आजोबा, सकाळी आपण दोन डाव खेळलो, त्यांतला एक मी जिंकले. दुपारी तीन खेळलो, त्यांतला एक जिंकले. एकूण पांचांतले दोन. मग २/५ बरोबर नाही का?"

वाचकहो, आम्ही निरुत्तर झालों. तिचें म्हणणें खरें होतें. तिची बेरीजही खरी होती. एकाएकीं थालीपिठाची आठवण झाली, आणि आम्हीं विचारलें, "सकाळचा अर्धा तो कशाचा अर्धा?" "दोन डावांचा." "आणि दुपारचा तिसरा हिस्सा?" "तीन डावांचा." ती क्षणभर थांबली आणि हंसली. "म्हणजे एक लहान थालीपीठ, एक मोठं!" वहींतल्या बेरजेंत अर्धा आणि तिसरा हिस्सा हे एकाच पट्टीचे, कॅरमच्या हिशेबांत पूर्णच बदलत जातें. तिचें २/५ हें चुकीचें उत्तर नव्हतें. तें दुसऱ्या एका प्रश्नाचें बरोबर उत्तर होतें. आम्हीं तांबड्या पेन्सिलीनें खोडलेल्या त्या आंकड्यांत एवढा अर्थ भरलेला होता. मग एकाच पट्टीवर १२ आणि ८ सेंटिमीटर शेजारीं शेजारीं ठेवून २० झाले, आणि तेथें सहाव्या भागांची पांचवी रेघ बरोबर जुळली. ५/६ हें उत्तर तिनें वाचून दाखविलें.

ह्यालाच आपले जुने गणिती समच्छेद म्हणत. सन ११५० मध्यें भास्कराचार्यांनीं लीलावतींत अपूर्णांकांच्या प्रकरणीं हा विधि सांगितला आहे. चाळीसगांवाजवळच्या पाटण येथील १२०७ सालचा शिलालेख त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांच्या नातवानें मठ स्थापिल्याची साक्ष देतो. त्या काळीं अंश वर आणि छेद खालीं लिहीत, पण मधली आडवी रेघ नसे. ती अरबी गणित्यांच्या हातची. त्याहीपूर्वीं, ख्रिस्तपूर्व १५५० च्या सुमारास, मिसर देशांतल्या अहमीस नांवाच्या लेखकानें जी पोथी उतरून ठेविली, तिच्या आरंभींचीं उदाहरणें दहा माणसांत भाकरी वांटण्याचीं आहेत. त्या लोकांस ३/४ लिहावयाचे असले तर ते अर्धा आणि पाव असे लिहीत. म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वींही ह्या विद्येचा आरंभ वांटणीपासूनच झालेला दिसतो. हें वाचून आमच्या सहधर्मचारिणीस मोठें समाधान वाटलें.

ज्या वाचकांच्या घरीं असें एखादें मूल असेल, त्यांस आमच्या चुकीवरून दोनच गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. तिरका गुणाकार अवश्य शिकवावा, पण शेवटीं. आधीं मुलास अर्ध्याशीं आणि पुऱ्याशीं तुलना करूं द्यावी, आणि कशाचा अर्धा हें विचारण्याची संवय लावावी. दुसरी गोष्ट अशी, कीं चूक खोडण्यापूर्वीं "हें तूं कसें काढलेंस?" असें विचारावें, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावें. हें दुसरें पहिल्याहून पुष्कळ कठीण आहे.

सुटी संपत आली. जाण्याच्या आदल्या संध्याकाळीं आम्हीं नातीस जवळ बोलाविलें. ताईची हकीकत तिला सांगितली. मग म्हणालों, "त्या दिवशीं तुझ्या डोक्याविषयीं आम्ही जें बोललों तें खोटें होतें. आम्ही चुकलों."

तिनें आमच्याकडे निरखून पाहिलें. तिच्या डोळ्यांत पाणी होतें कीं खोडकरपणा, हें आम्हांस सांगतां येणार नाहीं. "किती चुकलांत, आजोबा? अर्धे कीं पाऊण?"

"सोळा आणे चुकलों," आम्ही म्हणालों.

"सोळा आणे म्हणजे किती?"

आम्हीं कपाट उघडून जुन्या नाण्यांची डबी काढली. तिनें आपण होऊन वही काढली, आणि दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघें रुपयाचे भाग पाडीत बसलों.